पंधरा लाख चौरस फुटांचं बंद गोदाम, त्यात वसलेली वस्ती आणि आपल्या गिरण्या

मेम्फिसवाला:

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज वेळ मिळाला. मी गेली नऊ वर्षं अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या मेम्फिसला राहतो. इथे क्रॉसटाऊन नावाचा भाग आहे आणि त्याच्या मधोमध सिअर्स कंपनीचं एक अवाढव्य जुनं गोदाम आहे. मी इथे आलो तेव्हा आतलं काम जवळजवळ संपत आलं होतं, बाहेर कुंपण आणि आत रात्रंदिवस दिवे. आज त्याच इमारतीत दवाखाना आहे, हायस्कूल आहे, ऑफिसं आहेत, नाटक-गाण्याचं थिएटर आहे, जिम आहे, खायच्या जागा आहेत आणि वरच्या मजल्यांवर लोक राहतात. म्हणजे एका छताखाली आख्खा मोहल्ला.

आधी इमारतीबद्दल सांगतो कारण तिचा आकार कळल्याशिवाय बाकीचं कळत नाही. १९२७ साली बांधली, १८० दिवसांत. सिअर्सचा धंदा तेव्हा कॅटलॉगवर चालायचा. शेतकऱ्याने घरबसल्या जाडजूड पुस्तकात बघून नांगरापासून शर्टापर्यंत काय हवं ते पत्राने मागवायचं आणि इथून पार्सल जायचं. खाली दुकान, वर गोदाम. धंदा वाढला तशी इमारतीला जोड देत गेले आणि एकूण १५ लाख चौरस फूट झालं, म्हणजे नुसती फरशी धरली तर चौतीस एकर. दहा मजले आणि मधे चौदा मजली मनोरा. वरच्या मजल्यावरून पार्सल खाली सोडायला गोल गोल फिरत येणाऱ्या लोखंडी घसरगुंड्या होत्या, त्यातल्या काही अजून ठेवल्यात, लहान मुलं त्यांच्याकडे बघतच बसतात.

१९८३ ला दुकान बंद झालं, १९९३ ला सिअर्सने मोठा कॅटलॉगच बंद केला आणि गोदामाला कुलूप लागलं. त्यानंतर वीसेक वर्षं ती इमारत नुसती उभी होती. फुटक्या काचा, आत पाणी, कबुतरं. पाडायचं म्हटलं तरी एवढं काँक्रीट पाडायचा खर्च कोण करणार, आणि दुरुस्त करून भाड्याने द्यायचं तर मेम्फिससारख्या गरीब शहरात एवढी जागा घेणार कोण.

मला जे सांगायचंय ते इथून पुढे आहे. २०१० मध्ये इथल्या विद्यापीठातले कलेच्या इतिहासाचे एक प्राध्यापक, टॉड रिचर्डसन, आणि त्यांचे एक कलाकार मित्र यांनी क्रॉसटाऊन आर्ट्स नावाची संस्था काढली. बिल्डर नाही, मॉलवाला नाही. त्यांनी इमारतीचा नकाशा काढायच्या आधी समोरच्या रस्त्यावर कार्यक्रम सुरू केले, लोकांना बोलावलं, तुम्हाला इथे काय हवं ते विचारलं. मग शहरातल्या संस्थांकडे गेले आणि तुम्ही इथे जागा घेणार का हे आधी ठरवून घेतलं. चर्च हेल्थ म्हणून संस्था आहे, डॉ. स्कॉट मॉरिस यांनी १९८७ मध्ये सुरू केलेली, विमा नसलेल्या कष्टकरी लोकांवर उपचार करते. ती तेरा वेगवेगळ्या इमारतींमध्ये विखुरलेली होती, ती सगळी उचलून इथे दीड लाख चौरस फुटांत आली. शिक्षक घडवणारी संस्था आली, सेंट ज्युड हॉस्पिटलची ऑफिसं आली. असे आठ-नऊ मोठे भाडेकरू कागदावर पक्के झाले आणि त्या कागदांच्या जोरावर पैसे उभे राहिले. साधारण २० कोटी डॉलर, तीसेक वेगवेगळ्या ठिकाणांहून, त्यात नगरपालिकेचे दीड कोटी. फेब्रुवारी २०१५ ला काम सुरू, ऑगस्ट २०१७ ला दारं उघडली.

म्हणजे माणसं आधी, दुकानं नंतर. माझ्या डोक्यात हे पक्कं बसलंय की जुनी इमारत वाचते की नाही हे आर्किटेक्टच्या आधी तिथे कोणाला बोलावलं यावर ठरतं. आपल्याकडे मुंबईत कापडगिरण्यांच्या बाबतीत हे उलटं झालं का? मी मूळचा नाशिकचा, गिरणगाव बाहेरूनच बघितलेलं. ज्यांना माहिती आहे त्यांनी कृपया लिहा.

---

बांधकामवेडी:

खूप छान धागा. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, पुण्यात जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचंच काम करते, म्हणून थोडं त्या बाजूने लिहिते.

त्या काळातली गोदामं दुसऱ्या वापरासाठी एवढी चांगली का पडतात, तर ती वजन पेलायला बांधलेली असतात. राहत्या घराला आपला आयएस ८७५ (इमारतीने किती भार पेलावा याचं भारतीय मानक) चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण दोनशे किलो, भार धरायला सांगतो, साठवणुकीच्या जागेला त्याच्या दुपटी-तिपटीच्याही वर. म्हणजे ज्या स्लॅबवर पोती आणि लोखंड ठेवलं जायचं त्यावर माणसं, पलंग, टेबलं म्हणजे काहीच नाही. शिवाय त्या काळात सपाट स्लॅब आणि वरच्या टोकाला छत्रीसारखे पसरलेले गोल खांब अशी पद्धत होती, मधे बीम नाहीत, त्यामुळे भिंत कुठेही घाला कुठूनही काढा.

अडचण वेगळीच असते, ती उजेडाची. गोदामाची जाडी कितीही चालते, आत अंधार असला तरी पेटीचं काय बिघडतंय. पण माणसाला खिडकी लागते. खिडकीच्या उंचीच्या साधारण दोन-अडीच पट आतपर्यंतच दिवसाचा उजेड कामाचा असतो, त्याच्या आत सगळं ट्यूबलाइटवर. त्यामुळे दोनशे-तीनशे फूट जाडीची इमारत असेल तर बाहेरची कड सोडून बाकी सगळं वाया. म्हणून मधून स्लॅब कापून वरपासून खालपर्यंत चौक काढावे लागतात. आपल्या वाड्यांना चौक असायचा तो याचसाठी. पण तयार स्लॅब कापणं हे सगळ्यात जपून करायचं काम, कारण सपाट स्लॅबमध्ये खांबाभोवतीचाच भाग सगळा भार घेतो, तिथे चुकीचं भोक पाडलं तर खांब स्लॅबमधून आरपार घुसायची भीती. मेम्फिसवाला, तुमच्याकडे चौक काढलेत का? आणि किती?

दुसरं, पैशाचं गणित. १५ लाख फूट दुरुस्त करून कापून टाकलेली जागा भाड्यातून वजा होते हे लोक विसरतात. बिल्डरला चौक म्हणजे गेलेलं भाडं दिसतं.

---

मेम्फिसवाला:

ताई, एकदम बरोबर. मधे दहा मजली चौक काढलाय, वरून ऊन थेट तळमजल्यापर्यंत येतं, आणि त्यात एक लाल रंगाचा गोल जिना आहे, तो आता या जागेची खूणच झालाय. कडेने सगळ्या मजल्यांचे सज्जे. छत्रीसारखे खांब तसेच ठेवलेत, ते बघायलाच लोक येतात. सातव्या मजल्यापासून वर घरं, एकूण २६५.

पैशाचं जे म्हणालात त्याचं उत्तर इथल्या करसवलतींमध्ये आहे. अमेरिकेत ऐतिहासिक म्हणून नोंद झालेली इमारत तिचं मूळ रूप राखून दुरुस्त केली तर खर्चाच्या २० टक्के इतकी करसवलत केंद्र सरकार देतं. ही सवलत एखादी बँक वगैरे गुंतवणूकदार म्हणून आत येऊन वापरू शकते, म्हणजे ज्या संस्थेला स्वतःला कर भरायचा नाही तिलाही त्याचे रोख पैसे उभे करता येतात. शिवाय गरीब वस्तीत गुंतवणूक केली तर सात वर्षांत मिळून ३९ टक्क्यांची दुसरी एक सवलत आहे. या दोन नसत्या तर मेम्फिसचं भाडं बघता हे गणित कधीच बसलं नसतं. चौक कापणं परवडलं ते असं.

---

लालबागची:

धागा वाचून राहवलं नाही म्हणून पहिल्यांदाच एवढं मोठं लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

माझे वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. गिरणीचं नाव लिहीत नाही. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी चौथीत. अडीच लाख कामगार बाहेर होते. आई खानावळ चालवायची, आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत दोन पाळ्यांत सोळा माणसं जेवायची, संप लांबला तशी एकेक करून गावी गेली, कोकणात, साताऱ्याला, आणि ताटं भिंतीला लावून ठेवली ती पुन्हा कधी काढलीच नाहीत. संप कोणी मागे घेतलाच नाही, तो तसाच विरत गेला. मेम्फिसवाला दादा, तुम्ही विचारलंत उलटं झालं का, तर हो, उलटंच झालं, आणि कागदोपत्री झालं.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ नंबरचा नियम होता. गिरणीची जमीन विकासाला काढायची असेल तर तीन वाटे. एक तृतीयांश महापालिकेला, बाग-मैदानासाठी. एक तृतीयांश म्हाडाला, घरांसाठी. उरलेली मालकाला. किती सरळ आणि किती चांगला नियम होता बघा. जवळजवळ ६०० एकर जमीन, तीही मुंबईच्या पोटात. १९९६ मध्ये वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या समितीने सरकारी गिरण्यांच्या जमिनी एकत्र धरून आराखडाही करून दिला होता, सगळ्यांचे वाटे जोडून सलग मैदानं, रस्ते, स्टेशनाजवळ मोकळी जागा असा. तो बाजूला राहिला. मग २००१ मध्ये नियमात बदल झाला की वाटे फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीचे करायचे, जिथे शेड उभ्या आहेत किंवा होत्या ती जमीन मोजायचीच नाही. गिरणी म्हणजे सगळी शेडच असते. मोकळं असतं ते अंगण. म्हणजे अंगणाचे तीन तुकडे आणि घर मालकाला. हायकोर्टाने २००५ ला हे चुकीचं ठरवलं, सुप्रीम कोर्टाने मार्च २००६ ला तो निकाल फिरवला. संपलं.

आणि पुढे काय झालं ते सगळ्यांनी बघितलं. गिरण्यांच्या जागी ऑफिसं आली, मॉल आले, पब आले, पन्नास मजली टॉवर आले, पण स्टेशन तेच, पूल तोच. जो पूल गिरणीच्या पाळीसाठी होता त्याच्यावरून हजारो ऑफिसवाले जायला लागले. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली, २३ माणसं गेली. तीन महिन्यांनी २९ डिसेंबरला कमला मिलमध्ये गच्चीवरच्या हॉटेलांना आग लागली, १४ माणसं गेली. तुम्ही म्हणता तसं मिश्र वापर इथेही झाला की. ऑफिस, दुकान, हॉटेल, घर सगळं एकाच आवारात. फक्त आधी राहणाऱ्याला त्यात खुर्ची नव्हती.

कामगारांच्या घरांसाठी म्हाडाची पहिली लॉटरी निघाली २०१२ ला. संपानंतर तीस वर्षांनी. दीड लाखाच्या आसपास अर्ज आणि पहिल्या वेळी घरं सात हजारही नव्हती. वडील तोवर राहिले नव्हते. वारसांना आता शेलू-वांगणीला घरं घ्या म्हणतात. ज्यांनी परळमध्ये हाडं झिजवली त्यांच्या मुलांनी कर्जतच्या वाटेवर जायचं. आम्ही आझाद मैदानात बसलो त्यासाठी, पुन्हाही बसू.

---

अटलांटाकर:

लालबागच्या ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

मेम्फिसच्या गोदामाला एक भाऊ आहे आमच्या अटलांटात, त्याच सिअर्सचा, १९२६ चा, आणि आकाराने मोठा, २१ लाख चौरस फूट. तो बंद झाल्यावर महापालिकेने घेतला, काही वर्षं त्यात सरकारी ऑफिसं होती, मग २०११ मध्ये एका मोठ्या रिअल इस्टेट कंपनीला विकला आणि २०१४ पासून तो पॉन्स सिटी मार्केट म्हणून चालू आहे. खाली फूड हॉल, वर टेक कंपन्या, घरं, गच्चीवर जत्रेसारखे खेळ. समोरून जुन्या रेल्वेमार्गावर केलेला चालायचा रस्ता जातो, बेल्टलाइन, त्यामुळे शनिवारी रविवारी पाय ठेवायला जागा नसते. इमारतीचं काम सुंदर केलंय यात शंका नाही, विटा बघाव्यात, जुन्या खिडक्या बघाव्यात.

पण आजूबाजूच्या भागात गेल्या दहा वर्षांत घरांचे भाव कुठच्या कुठे गेले. मी २०१५ ला तिथून चालत दहा मिनिटांवर दोन खोल्यांत राहायचो, तीन वर्षांत भाडं झेपेना, आम्ही शहराबाहेर गेलो. आमच्या मजल्यावर एक आजी होत्या, चाळीस वर्षं तिथे, त्याही गेल्या. मिनीॲपोलिसमध्येही सिअर्सचं १९२८ चं तसंच गोदाम आहे, २००६ ला पुन्हा उघडलं, त्यात तळाला स्थलांतरितांच्या छोट्या दुकानांचा बाजार भरवला, सोमाली, मेक्सिकन, खूप मायेने चालवलेला बाजार, मी एकदा गेलोय. लॉस एंजेलिसचं १९२७ चं तर अजून उघडलेलंच नाही. म्हणजे एकाच कंपनीच्या एकाच काळात बांधलेल्या एकसारख्या इमारती आणि प्रत्येकीचं नशीब वेगळं. यावरून मला मेम्फिसवाल्यांचं म्हणणं पटतं. काँक्रीट तेच होतं.

माझा प्रश्न असा की तुमच्याकडे भाव वाढले नाहीत का? खरं सांगा.

---

मेम्फिसवाला:

खरं सांगतो. वाढले. इमारतीच्या दक्षिणेला आणि पूर्वेला बरेच वाढले. इमारतीतल्या घरांतली काही कमी उत्पन्नवाल्यांसाठी ठेवलीत पण सगळी नाहीत, आणि खाली कॉफी घेणारे बहुतेक माझ्यासारखे बाहेरून आलेले असतात. उत्तरेला क्लॉन्डाइक म्हणून वस्ती आहे, कृष्णवर्णीयांची शहरातली फार जुनी वस्ती, तिथे अजून रिकामी प्लॉटं आणि फळ्या ठोकलेली घरं आहेत. रस्ता ओलांडला की जग बदलतं. तिथली काही लोकं या इमारतीत पाऊल ठेवत नाहीत, त्यांना ती आपली वाटत नाही, हे मी स्वतः ऐकलंय.

आणि या भागाला आधीही फसवलेलं आहे. साठच्या दशकात इथून आय-४० हा हायवे काढायचा होता, पुढे ओव्हर्टन पार्क या जुन्या जंगलातून. लोक कोर्टात गेले, १९७१ ला सुप्रीम कोर्टाने लोकांच्या बाजूने निकाल दिला आणि हायवे पार्कातून गेला नाही. पण तोवर वाटेतली घरं पाडून झाली होती. पार्क वाचलं, शेजार गेला. मग दहा-बारा वर्षांत सिअर्सचं दुकान गेलं.

तरी पण मी दवाखान्याचं सांगतो. दोन वर्षांपूर्वी माझ्या मित्राची नोकरी गेली, नोकरीबरोबर विमा गेला, छोटं किरकोळ काम धरलं होतं, आणि त्याच दरम्यान शुगर वाढली. तो क्रॉसटाऊनमधल्या दवाखान्यात जायचा, उत्पन्न बघून पैसे घेतात. मी त्याला सोडायला जायचो आणि खाली बसायचो. तिथे एकाच बाकावर एक कोट घातलेला ऑफिसवाला, एक हायस्कूलचा पोरगा गिटार घेऊन आणि बांधकामावरच्या बुटांतला एक माणूस औषधाची पिशवी घेऊन बसलेले बघितलेत. अटलांटाला माझा मेहुणा आहे, तिथलं मार्केटही बघितलंय, तिथे हा तिसरा माणूस मला गिऱ्हाईक म्हणून दिसला नाही, कामगार म्हणून दिसला. फरक मला तेवढाच दिसतो पण तो मला मोठा वाटतो.

लालबागच्या ताई, तुमच्या खुर्चीच्या वाक्यावर मी काय बोलणार. वाचून बराच वेळ गप्प होतो.

---

शिवडीकर:

मी शिवडीत वाढलो, आजोबा बंदरात माथाडी. कॉटनग्रीनचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मेम्फिस हे कापसाचं शहर हे मला माहीत होतं. १८६१ ला तिकडे यादवी सुरू झाली, दक्षिणेचा कापूस इंग्लंडला जायचा थांबला आणि आपल्याकडचा वऱ्हाड-खानदेशचा कापूस सोन्याच्या भावाने मुंबईतून जायला लागला. मुंबईला पैसा आला तो तेव्हा. म्हणजे या दोन शहरांच्या गोदामांची सोयरीक तिथपासूनची. आधी कापसाचा बाजार कुलाब्याला भरायचा, तिथलं जुनं मैदान ते कॉटन ग्रीन, मग बाजार शिवडीकडे हलला आणि नावही बरोबर आलं, पुढे स्टेशनलाही तेच.

आता मुद्दा. वडाळा ते माझगाव पट्ट्यात बंदराच्या जमिनीवर गोदामांच्या रांगाच्या रांगा आहेत. दगडी भिंती, मंगलोरी कौलं, छप्पर पेलणाऱ्या लाकडी कैच्या. बऱ्याच रिकाम्या, काहींत भंगार, काहींत ट्रान्सपोर्टवाले. पूर्व किनाऱ्याचा विकास हा विषय बंदराच्या जमिनीचं काय करायचं यासाठी नेमलेल्या २०१४ च्या राणी जाधव समितीपासून चालू आहे. गिरण्या खाजगी मालकांच्या होत्या, सरकारीही होत्या, पण ही जमीन सगळी बंदर प्राधिकरणाची, म्हणजे लोकांचीच. इथे तरी तीन वाट्यांचा घोळ घालायचं कारण नाही. पण बोलणं ऐका, मरीना, क्रूझ, हॉटेल, सी-फेसिंग. त्या गोदामांच्या मागे ज्या झोपड्या आहेत, जिथे बंदरात राबलेल्यांची तिसरी पिढी राहते, त्यांचं नाव आराखड्याच्या कुठल्या पानावर येतं? दोनशे खाटांचं हॉस्पिटल एका रांगेत बसेल. आयटीआय बसेल. माथाडींच्या पोरांना शाळा बसेल. मेम्फिसवाल्यांनी जसे आधी भाडेकरू पक्के केले तसं महापालिकेचं आरोग्य खातं, विद्यापीठ, एसटी, कोणीतरी आधी जागा मागून लिहून द्यायला पाहिजे. नंतर हॉटेलवाल्याला उरलेलं द्या की, कोण नको म्हणतंय.

---

बांधकामवेडी:

शिवडीकर, +१. एक सावधगिरी सांगते. कौलारू एकमजली गोदामं आणि मेम्फिससारखी काँक्रीटची दहा मजली यांत फार फरक आहे. लाकडी कैच्यांची तपासणी आत्ताच करून घ्यायला हवी, वाळवी आणि समुद्राची खारी हवा दोन्ही आहेत. आणखी पाच पावसाळे गेले तर राखायला काही उरणार नाही आणि मग धोकादायक म्हणून नोटीस लावून पाडणं सोपं जाईल. हे मी बऱ्याच जागी बघितलंय, इमारत कोणी पाडत नाही, तिला गळू देतात. कौलं शाकारणं हा सगळ्यात स्वस्त वारसा-जतनाचा उपाय आहे.

माझ्या ओळखीत दोघं-तिघं विद्यार्थी आहेत, मोजमाप करायला हौसेने येतील. आत जायची परवानगी मिळेल का?

---

शिवडीकर:

परवानगीचं पत्र मी टाकतो. एका रांगेचा गाळेवाला ओळखीचा आहे, त्याच्या चार गाळ्यांत तर तो स्वतः चावी देईल. पावसाआधी या, मे मध्ये. लालबागच्या ताई, तुम्हीही या, जवळच आहे तुम्हाला.

---

लालबागची:

येते. रविवार ठेवा. वडिलांच्या वेळचे दोन साचेवाले अजून आमच्या चाळीत आहेत, एक ऐंशीच्या पुढचे, त्यांना पण आणते. गिरणीतून गाठी कुठल्या गोदामात जायच्या ते त्यांना तोंडपाठ आहे, मोजणाऱ्या मुलांनी वही घेऊन त्यांच्या शेजारी बसावं.